किल्ली स्वस्त, पण परवाना कोणाचा?

प्रमाणित बियाणे घेताना आपण पिशवीची निळी खूणचिठ्ठी पाहतो, पक्की पावती मागतो. मग दूध संस्थेच्या किंवा घरच्या संगणकासाठी सॉफ्टवेअर घेताना तेवढी दक्षता का नको?

तिऱ्हाईत विक्रेता ‘अस्सल विंडोज’ म्हणून चार-पाचशे रुपयांत २५ अक्षर-अंकांची किल्ली देतो. ती चालतेही. परंतु मोल किल्लीला नसते, परवान्याला असते. संगणकाबरोबर आलेला ‘ओईएम’ परवाना त्याच यंत्राशी बांधलेला असतो. किरकोळ परवाना जुन्यावरून काढून नव्या यंत्रावर नेता येतो. मोठ्या संस्थेला दिलेल्या सामूहिक परवान्याच्या किल्ल्या मात्र सुट्या विकायच्या नसतात. तशी किल्ली कंपनीने बंद केली, की विक्रेता कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी विक्रेत्याकडे. आणि ऐन हिशेबाच्या दिवसांत संस्थेचे काम अडते.

म्हणून परवान्याचा प्रकार पावतीवर लिहून घ्यावा. फसगत झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवावी. केवळ पत्रे व तक्ते करायचे असतील, तर लिबरऑफिस मोफत मिळते, तेही मराठीतून.

बैल स्वस्त मिळाला, तरी दात पाहूनच दावे हाती घ्यावे.