ताई, तुम्ही लस घेतली का?



मृग तोंडावर आला आहे. गोठ्यातल्या जनावरांना घटसर्पाची आणि फऱ्याची लस टोचून झाली असेलच. नसेल तर आधी ते काम उरका. आज मात्र मला गोठ्याबद्दल नाही, दवाखान्याबद्दल थोडे बोलायचे आहे.

आपल्याकडे फ्लूची साथ पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीत अशी दोनदा डोके वर काढते. धडधाकट माणूस आठवड्यात बरा होतो. पण म्हातारी माणसे, गरोदर बाई, तान्हे मूल, दम्याचा किंवा साखरेचा आजारी, यांच्या जिवावर बेतू शकते. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यातच घेतला होता. अशी सगळी नाजूक माणसे एका छपराखाली जमतात ती आरोग्य केंद्रात. तिथल्या नर्सताई दिवसभर एकामागून एक सगळ्यांना तपासतात. फ्लू झालेला माणूस अंगात ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो दुसऱ्याला देऊ लागतो. म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तरी पुष्कळजण घेत नाहीत. २०१० साली सरकारने खास त्यांच्यासाठी परदेशातून लस आणवली, तेव्हाही कित्येकांनी दंड पुढे केला नाही. का? "मला काही होत नाही." "लसीनेच ताप येतो." "वेळ कुठे आहे?" "पदरचे पैसे कोण घालणार?" हसू नका. बीजप्रक्रियेबद्दल आपणही हेच बोलतो.

माझीच गोष्ट सांगतो. नोकरीची पहिली वर्षे होती. एका गावच्या पारावर हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेवर मी तासभर बोललो. मागे बसलेल्या एका बाबांनी विचारले, "साहेब, तुमच्या रानात करता का?" मी करत नव्हतो. पेरणीची घाई, एवढेच कारण. मी गप्प बसलो, आणि त्या साली त्या गावात कोणीच बीजप्रक्रिया केली नाही. पुढे मर रोगाने पट्टेच्या पट्टे वाळले, तेव्हा मला मान वर करवेना. पुढच्या हंगामात आधी माझ्या रानात केली, मग त्यांना दाखवायला नेले.

आता लसीबद्दल. सुईने देतात त्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. दंड दुखतो, कुणाला एखाद दिवस कणकण येते. विषाणू सारखे रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यायची. ती लागू पडायला दोन आठवडे जातात, म्हणून साथीच्या आधी घ्यायची. तिने पुरते संरक्षण मिळत नाही. ती विषाणूशी जुळली त्या वर्षी फ्लूने आजारी पडण्याचा धोका ४० ते ६० टक्के कमी होतो. पण निम्मी कीड आधीच आवरत असेल तर कोण नको म्हणेल?

अमेरिकेत सेंट लुईसच्या बीजेसी हेल्थकेअर या रुग्णालय-समूहात समजावून, आग्रह करून २००७ साली ७१ टक्के कर्मचाऱ्यांनी लस घेतली. २००८ साली ती नोकरीची अट केली, तेव्हा आकडा ९८ टक्क्यांवर गेला. पण सक्तीच्या आधी करण्यासारखे पुष्कळ आहे. लस फुकट असावी, कामाच्या जागी आणि कामाच्या वेळेत मिळावी, आणि मोठ्या डॉक्टरांनी सर्वांदेखत पहिली घ्यावी. जनावरांचेच पाहा. डॉक्टर गोठ्यात आले की एकही गाय सुटत नाही. तालुक्याला न्यायची म्हटले की निम्मी राहतात.

तेव्हा ग्रामसभेत विषय काढा. आपल्या केंद्रातल्या नर्सताई, आशाताई, शिपाई, रुग्णवाहिकेचा चालक, सगळ्यांना लस मिळाली का, हे विचारा आणि मिळाली नसेल तर मागणी लावून धरा. घरात गरोदर सून असेल, म्हातारी आई असेल, तर त्यांच्या लसीबद्दलही डॉक्टरांचा सल्ला घ्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत. आईने गरोदरपणी घेतलेली लसच त्याला सांभाळते.

आणि पुढच्या खेपेला केंद्रात गेलात की मायेने विचारा, "ताई, तुम्ही लस घेतली का?" दोष काढायला नव्हे. आपली काळजी घेणाऱ्याची काळजी कुणीतरी घ्यायला हवी, म्हणून. त्या बाबांच्या एका प्रश्नाने मी सुधारलो होतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
विस्तार अधिकारी