बैठकीची खोली आणि दूरचा सभासद

माळव्यात येऊन स्थिरावलेल्या मराठी माणसाने आधी देऊळ बांधले की आधी कार्यकारिणी नेमली, याविषयी विद्वानांत मतभेद होऊ शकतील. बैठका मात्र त्याने मनापासून भरविल्या. एकट्या इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरली. त्या प्रत्येकापूर्वी सतरंजीवर आणि पुढे खुर्च्यांवर बसून किती बैठका झाल्या असतील, याची कल्पना ज्यांनी कधी एखाद्या मंडळाचे चिटणीसपद सांभाळले आहे त्यांना सहज करता येईल.

आता त्या बैठकीतील माणसे एका गावात राहिलेली नाहीत. विश्वस्तांपैकी एक मुलाकडे पुण्यास गेलेले, एक बंगळुरात, एक गुडघ्यांमुळे घराचा जिना न उतरणारे. व्यवसायाची तऱ्हाही निराळी नाही. सांवेर रोडवर लहानसा कारखाना असावा, माल घेणारा मुंबईस असावा आणि हिशेब तपासणारा भोपाळात. उच्च न्यायालयाचे एक खंडपीठ आमच्या इंदुरात असले तरी मुख्य पीठ जबलपुरास, म्हणजे वकिलाशी सल्लामसलत करावयाची तरी रात्रभराचा प्रवास. मुंबईच्या मुख्य कचेरीत बैठक असली की अवंतिका एक्स्प्रेसने जावे, दिवसभर बसावे आणि त्याच गाडीने परतावे, हा क्रम आमच्या पिढीतील कित्येकांनी वर्षानुवर्षे पाळला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हा क्रम एका दिवसात मोडला. त्याच वर्षी ६ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील न्यायालयांना व्हिडिओद्वारे कामकाज चालविण्यासंबंधी निर्देश दिले. जे न्यायदानास चालते ते आपल्या बैठकीस का चालू नये, असे मग सर्वांनाच वाटू लागले.

टाळेबंदी उठली, माणसे पुन्हा खोलीत येऊन बसू लागली आणि खरी अडचण तेथूनच सुरू झाली. सगळेच आपापल्या घरी होते तोवर प्रत्येकाच्या तोंडापुढे त्याचा स्वतःचा फोन होता. आता आठ माणसे मेजाभोवती आणि दोन दूर, असा प्रकार झाला. आठांसाठी एक लॅपटॉप मेजाच्या टोकाला उघडून ठेवला जातो आणि दूरच्या दोघांना अध्यक्षांचा आवाज, पंख्याची घरघर व चहाच्या कपबशा एवढेच ऐकू येते.

आम्हांस ठाऊक असलेल्या एका संस्थेत (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) जुन्या वास्तूचा पुढचा भाग भाड्याने देण्याचा ठराव होता. परगावी राहणाऱ्या एका वयोवृद्ध सभासदांचा त्यास विरोध होता आणि तो त्यांनी बोलूनही दाखविला. खोलीत त्यांचा आवाज तुटक आला, कोणी तरी म्हणाले, "काका काही तरी म्हणताहेत." दुसरे कोणी म्हणाले, "हो म्हणाले." इतिवृत्तात ठराव सर्वानुमते मंजूर झाल्याची नोंद झाली. काकांना ती पंधरा दिवसांनी कागदावर वाचावयास मिळाली. त्यानंतर ते एकाही बैठकीस, दुरून किंवा जवळून, उपस्थित राहिले नाहीत. चाळीस वर्षे ज्या संस्थेसाठी झिजले तेथून एक माणूस असा अलगद बाहेर पडला, आणि खोलीतील आठांपैकी एकाच्याही मनात कपट नव्हते.

म्हणून बैठकीच्या खोलीसाठी यंत्रे घेताना पहिला प्रश्न चित्र किती सुंदर दिसते हा नसून, सर्वांत दूरच्या खुर्चीवरील माणूस हळू बोलला तर परगावच्या माणसास तो कळतो काय आणि परगावच्या माणसाचा 'नाही' खोलीत स्पष्ट ऐकू येतो काय, हा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने संचालकांना व्हिडिओद्वारे उपस्थित राहण्याची मुभा दिली. २०१४ च्या नियमांत त्याची रीत सांगितली आहे, ती मोठी शहाणपणाची आहे. आरंभी अध्यक्षांनी हजेरी घ्यावी, प्रत्येकाने आपले नाव व आपण कोठून बोलतो ते सांगावे, कोणाचे बोलणे तुटले वा अस्पष्ट आले तर अध्यक्षांनी ते पुन्हा सांगण्यास विनवावे, आणि मतास टाकण्याची वेळ आली तर नावे पुकारून एकेकाचे मत नोंदवावे. हे नियम कंपन्यांसाठी आहेत. आपल्या न्यासास वा मंडळास त्याची स्वतःची घटना लागू. ती आधी वाचून पाहावी. पण हजेरी घेण्यास आणि नावे पुकारण्यास कोणतीही घटना आड येत असेल असे आम्हांस वाटत नाही.

आता आवाजाविषयी थोडे विस्ताराने. आवाजाचा स्वभाव असा की अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. माइक एका हातावर असताना जे बोलणे पोहोचते, त्याचा चार हातांवर सोळावा हिस्सा उरतो. पंख्याचा आणि रस्त्याचा आवाज मात्र खोलीत सर्वत्र जवळजवळ सारखाच असतो, तो काही कमी होत नाही. लॅपटॉपचा माइक समोर बसलेल्या एकट्या माणसासाठी योजलेला. त्याच्याकडून लांब मेजाचे काम अपेक्षिणे म्हणजे निरांजनाकडून मांडव उजळण्याची अपेक्षा करणे होय. त्यातून आमच्या जुन्या वास्तूंची छते उंच, फरशी दगडी, भिंती उघड्या. प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून पुन्हा माइकमध्ये शिरतो. यंत्र घेण्याआधी खिडक्यांना जाड पडदे लावावेत, खाली सतरंजी अंथरावी, एका भिंतीशी पुस्तकांचे कपाट ठेवावे. कर्कश आवाज करणाऱ्या पंख्याची दुरुस्ती करून घ्यावी. या गोष्टी कोणत्याही दुकानदाराच्या यादीत नसतात, म्हणूनच त्या येथे सांगितल्या.

सहा-आठ माणसांच्या खोलीस बशीएवढा एक स्पीकरफोन पुरतो. त्यात माइक आणि स्पीकर एकत्र असतात व तो मेजाच्या मध्यभागी ठेवतात. स्पीकरमधून बाहेर पडलेला दूरच्या माणसाचा आवाज माइकमध्ये शिरून त्यालाच परत ऐकू जाऊ नये, याची व्यवस्था तो स्वतःच करतो. हे काम तो करू शकतो, कारण आत-बाहेर जाणारा सारा आवाज त्याच्याच हातून जातो. शेजारी दुसऱ्याने आपला लॅपटॉप त्याच बैठकीस जोडून माइक चालू ठेवला की ती व्यवस्था कोलमडते आणि किंचाळी सुरू होते. तेव्हा एका खोलीत एकच माइक-स्पीकर, बाकी सर्वांचे बंद, हा दंडक पाळावा. स्पीकरफोन बिनतारी जोडता येतो, पण आम्ही तारेनेच जोडण्याचा आग्रह धरू. तारेस बॅटरी उतरल्याची सबब नसते.

मेज लांब असेल, बारा-चौदा माणसे बसत असतील, तर टीव्हीखाली बसणारी एक पट्टी मिळते, तीत कॅमेरा, माइक आणि स्पीकर एकत्र असतात. सोयीची वस्तू आहे. परंतु तिचा माइक भिंतीपाशी आणि हळू बोलणारे खजिनदार दुसऱ्या टोकाला, हे विसरू नये. जिला मेजावर ठेवण्याचा जादा माइक जोडता येतो, अशीच पट्टी घ्यावी. आणखी एक चौकशी अवश्य करावी. काही पट्ट्या विशिष्ट कंपनीच्याच सेवेवर चालतात व त्यांस वर्षाचे शुल्क पडते. काही साध्या यूएसबी तारेने कोणत्याही संगणकास जोडता येतात व झूम, गूगल मीट, टीम्स यांपैकी कशावरही चालतात. लहान संस्थेने दुसऱ्या प्रकारची घ्यावी. उद्या सेवा बदलली तरी वस्तू वाया जात नाही.

पन्नास-साठ माणसांच्या सभागृहाची गोष्ट निराळी. तेथे स्पीकरफोन निरुपयोगी. हाती धरण्याचे माइक आणि असलेली ध्वनिक्षेपण व्यवस्था संगणकास जोडून घ्यावी लागते. ते जाणत्या तंत्रज्ञाचे काम आहे, उत्साही पुतण्याचे नव्हे.

कॅमेऱ्याविषयी फार लिहावे असे नाही. 'फुल एचडी' पुरे. त्याहून अधिकाचे पैसे लहान खोलीत दिसत नाहीत. तो टीव्हीच्या लगत, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा, म्हणजे खोलीतील मंडळी पडद्याकडे पाहून बोलली की दूरच्यास ती आपल्याकडेच पाहतात असे वाटते. खिडकी माणसांच्या पाठीशी येऊ देऊ नये, चेहरे काळवंडतात. टीव्ही घरातला साधा चालतो. चित्राचे वेड नवे नाही. अमेरिकेत बेल कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात चित्र दिसणारा टेलिफोन मांडला आणि १९७० मध्ये पिट्सबर्ग येथे तो विक्रीस आणला. ग्राहक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळाले. किंमत भारी होती हे खरेच, परंतु साध्या टेलिफोनवर ज्यांचे बोलणे नीट होत होते त्यांना एवढे पैसे देऊन चेहरा पाहण्याची निकड भासली नाही, हेही तितकेच खरे.

दोन क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींत बैठका बुडतात. पहिली, इंटरनेट. चांगल्या चित्रासाठी साधारणतः सेकंदास ३ ते ४ मेगाबिट वेग दोन्ही दिशांनी लागतो. जाहिरातीत येणारा वेग ठळक असतो, जाणारा विचारावा लागतो. शक्य तेथे राउटरपासून संगणकापर्यंत तारच ओढावी, आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. आमच्याकडे इन्व्हर्टरवर पंखा असतो, राउटर नसतो, आणि वीज गेली की वारा वाहतो व सभासद नाहीसे होतात. दुसरी, तारांची लांबी. साधी यूएसबी तार सुमारे ५ मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही, वेगवान प्रकारची त्याहूनही आधी दगा देते. टीव्ही, संगणक आणि मेज यांच्यातील अंतर टेपने मोजूनच जेल रोडची वाट धरावी.

दुकानात मात्र कोणतेही यंत्र उत्तमच वाजते. दुकानदाराशी जुना परिचय असेल तर एका दिवसासाठी यंत्र आपल्या खोलीत आणवून घ्यावे, आणि नसेल तर परत घेण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी. मग पंखे चालू ठेवून सर्वांत दूरच्या खुर्चीवर एखाद्या मृदुभाषी बाईंना बसवावे आणि त्यांनी दहा आडनावे व दहा रकमा नेहमीच्या स्वरात वाचाव्यात. परगावच्या सभासदाने, आणि तोही तरुण नव्हे तर ज्यांना थोडे कमी ऐकू येते अशा कोणी, त्या ऐकून लिहून घ्याव्यात. नंतर त्यांनी तिकडून वाचाव्यात व येथे कोणी लिहाव्यात. 'गोरे' आणि 'मोरे', 'साठ' आणि 'आठ' यांत घोटाळा झाला तर यंत्र परत करावे किंवा माइक जवळ सरकवून पुन्हा पाहावे. किंमत ऐकून मान डोलावणाऱ्या सभासदांपेक्षा ही वही अधिक खरे सांगते.

यंत्र सुरू करणे एकट्या मुलाला येते आणि तो परीक्षेला गेला की बैठक टळते, असेही आम्ही पाहिले आहे. कोणते बटण आधी, कोणती तार कोठे, आणि आवाज आला नाही तर प्रथम काय पाहावे, एवढे पाच-सहा ओळींत ठसठशीत देवनागरीत लिहून टीव्हीशेजारी चिकटवावे. त्याखाली दूरच्या सभासदांचे दूरध्वनी क्रमांक असावेत. तार तुटली तर साधा फोन लावून, तो मेजावर ठेवून, ठराव पुन्हा वाचून दाखविता येतो.