कोतवालीच्या कपाटात काय मांडणार?

हैदराबादच्या पुराणी हवेलीतली पोलीस आयुक्तांची जुनी कचेरी पडझडीतून वाचली, याचा आम्हाला आनंद आहे. २०२२ साली बंजारा हिल्सवर पोलिसांची नवी टोलेजंग इमारत झाली. जुन्या वास्तूत शहर पोलिसांचे संग्रहालय असावे, या कल्पनेला आमचा पूर्ण पाठिंबा. मात्र तिथे तलवारी, बिल्ले आणि साहेबांच्या तसबिरीच टांगायच्या असतील, तर त्याला संग्रहालय म्हणू नये, दिवाणखाना म्हणावे.

१९२० ते १९३४ या काळात कोतवाल असलेल्या राजा बहादूर वेंकटराम रेड्डींची तसबीर हवीच. पण त्यानंतर चारच वर्षांनी काय झाले? स्टेट काँग्रेसवर बंदी आली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानलांच्या पहिल्या तुकडीने याच शहरात सत्याग्रह केला. पाठोपाठ स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून उस्मानियाच्या विद्यार्थ्यांना काढून टाकले आणि त्यातले कितीतरी शिक्षणासाठी नागपूरला गेले. त्यांना पकडणारे, त्यांच्या सभांत बसून टिपणे काढणारे हात पोलिसांचेच होते. ती टिपणे, ते अटकेचे हुकूम कुठे मांडणार?

२२ ऑगस्ट १९४८ ला ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची हत्या झाली. त्या खटल्यात आरोपी ठरलेला कासिम रझवी हा लातूरचा वकील, म्हणजे आपल्याच मुलखातला. पुढच्याच महिन्यात ‘पोलीस ॲक्शन’ झाली. नाव पोलिसांचे, काम लष्कराचे! नंतर मराठवाड्यात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. त्याची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक वर्षे दडपून ठेवला गेला. तोही मांडावा. रझाकारांचे पाप दाखवायचे आणि हे झाकायचे, असला इतिहास आम्हाला नको.

पोलिसांना हे जड जाईल, असे काही जण म्हणतात. कोलकात्याच्या पोलिसांना कुठे जड गेले? क्रांतिकारकांनी जाडजूड कायद्याचे पुस्तक पोखरून मॅजिस्ट्रेट किंग्जफर्डला पाठवलेला बॉम्ब त्यांच्या संग्रहालयात मानाने ठेवलेला आहे.

आता आपल्याविषयी. ‘तो पोलिसांचा प्रश्न, आपला काय संबंध?’ हे वाक्य आपल्याच मंडळींकडून ऐकले, की संताप येतो. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ साली या राज्यातून गेले. सुलतान बाजार, काचीगुड्यातली आपली घरे नाही गेली. राजधानीची कोतवाली आपलीही होती, तिचा धाकही आपण सोसला. आमच्यातले जे बँकेत आहेत त्यांना ठाऊक आहे, की मुदत संपलेल्या दप्तराची विल्हेवाट लावायला एक सही पुरते. पोलीस ठाण्यांतली जुनी रजिस्टरे अशीच जातात. जी उरली ती उर्दूच्या शिकस्ता वळणात, आणि ती वाचू शकणारे आता थोडेच उरलेत. आपल्या माळ्यावरच्या ट्रंकांतल्या समन्सांची आणि तुरुंगातून आलेल्या पत्रांची गत काही वेगळी नाही. दिवाळीची साफसफाई आली, की ती किलोच्या भावाने रद्दीत जातात.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. १९३८ ते १९४८ या काळाला स्वतंत्र दालन द्यावे. पाट्या उर्दू, तेलुगू, इंग्रजीबरोबर मराठीत आणि कानडीतही असाव्यात, कारण हे संस्थान चौघांचे होते. जुने दप्तर नष्ट करण्यापूर्वी ते तारनाक्याच्या अभिलेखागाराला दाखवावे.

निवेदनाचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. सहीला येताना ट्रंकेतले कागदही आणावेत. झेरॉक्स काढून मूळ प्रत त्याच दिवशी परत देऊ.