कोटीचा रेडर बाकावर

लिलावात कोणावर कोटीची बोली लागली की आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य सुरू होतं. "एवढे पैसे घेतो ना, मग जिंकून दाखव की!" आमच्या राणीसावरगावचा पार असो नाहीतर हिंजवडीतलं कँटीन, वाक्य तेच. मंडळी, मला हे वाक्य साफ नामंजूर आहे.

सिद्धार्थ देसाईचंच घ्या. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा पोरगा. २०१८ मध्ये यू मुंबाकडून प्रो कबड्डीच्या पहिल्याच हंगामात दोनशेच्या वर गुण. २०१९ ला तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले. पठ्ठ्याने पुन्हा दोनशेच्या वर गुण आणले! आणि टीम? १२ संघांत अकरावी. आता त्याने अजून काय करायचं होतं?

कबड्डी खेळलेल्या कोणालाही हे कळतं. रेडरची पकड झाली की तो बाहेर बसतो. तो परत कधी येणार? आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला तर. म्हणजे कॉर्नर आणि कव्हर ढिले असतील, दुसरा रेडर रिकाम्या हाताने परत येत असेल, तर तुमचा कोटीचा माणूस बाकावर बसून नुसता घड्याळाकडे बघणार. बरं, बोनसने गुण मिळतो, पण गडी जिवंत होत नाही. एकट्याच्या जिवावर हा खेळ चालतच नाही हो!

टायटन्स यातून शिकले? छे. २०२३ च्या लिलावात त्यांनी पवन सेहरावतवर २.६०५ कोटी लावले. संघाची एकूण मर्यादा होती ५ कोटी! पवननेही चढाईत दोनशेचा आकडा ओलांडला. संघ २२ पैकी २ सामने जिंकून तळाला.

यावर उत्तर तयार असतं: "निम्मे पैसे एकट्यानेच नेले, मग बाकीचे कुठून आणणार?" पटण्यासारखं वाटतं ना? पण त्याच लिलावात पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूवर २.३५ कोटी लावले, म्हणजे जवळपास निम्मेच. पण त्यांच्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयतसारखी पोरं आधीपासून होती, २०२१ च्या हंगामापासून जपलेली. शादलू त्या हंगामात पकडीच्या गुणांत सगळ्यांच्या पुढे, चढाईला तीन-चार भिडू, आणि १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून करंडक पुण्यात. म्हणजे महागडा खेळाडू हा दोष नाहीच. आधी घर न बांधता झुंबर विकत आणणं हा दोष.

आणि गंमत बघा, अंतिम फेरीतल्या त्या हरियाणाच्या संघात कोण होतं? सिद्धार्थ देसाई! माणूस तोच, फक्त मागे जयदीप दहियासारखा पकडणारा बचाव होता.

आपल्या धंद्यातही हेच चालतं. दुप्पट पगारावर एक आर्किटेक्ट आणायचा, टेस्टर द्यायचे नाहीत, आणि रिलीज फसली की "एवढा पगार घेतो ना?" म्हणून त्यालाच धरायचं. पगार कामाचा असतो हो, चमत्काराचा नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोटीवाला रेडर हरला तर आधी त्याच्या मागचे सहा जण बघा. आणि मग ते सहा निवडणाऱ्यांना जाब विचारा.