बँटिंगचे पत्र: पाव कोणाला सोडता येत होता?

‘पाव, साखर आणि बटाटा सोडला की वजन उतरते, हे १८६३ मध्येच सिद्ध झाले होते, वैद्यकाने ते पुढे दडपले.’ या आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतो. पुरावा म्हणून विल्यम बँटिंग या लंडनकराचे नाव दिलेले असते. नाव खरे आहे, साल खरे आहे, वजन उतरले हेही खरे आहे. ‘सिद्ध’ आणि ‘दडपले’ हे दोन शब्द मात्र मूळ साधनापुढे टिकत नाहीत. (थ्रेड)

बँटिंग हा वैद्य नव्हता. त्याचा व्यवसाय अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहण्याचा, आणि त्याच्या घराण्याची पेढी राजघराण्याची कामे करणारी. १८५२ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनची अंत्ययात्रा निघाली, तिच्या व्यवस्थेतही ही पेढी होती. थोडक्यात, लंडनमधला हा सुस्थितीतला, प्रतिष्ठित व्यावसायिक होता. या तपशिलाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

ऑगस्ट १८६२ मध्ये त्याची उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो होते. वय पासष्टीच्या घरात. त्याला वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे. गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून तो जिना पाठमोरा होऊन, सावकाश उतरत असे. उपाय त्याने थोडे केले नव्हते. रोज पहाटे नाव वल्हवली. स्नायू बळकट झाले, पण भूकही वाढली आणि वजन चढतच राहिले. घोडेस्वारी, समुद्रकाठची हवा, तुर्की स्नान, लेमिंग्टन आणि चेल्टनहॅम येथील औषधी पाणी, नाना औषधे, सगळे करून झाले.

शेवटी त्याला वाट सापडली ती कानामुळे. ऐकू कमी येऊ लागले म्हणून तो विल्यम हार्वे या कर्णशल्यविशारदाकडे गेला. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे सतराव्या शतकातला, नामसाम्यामुळे दोघांची गल्लत होते.) या हार्वेने पॅरिसमध्ये क्लोद बर्नार याची व्याख्याने ऐकली होती. यकृत स्वतःच साखर निर्माण करते, हा बर्नारचा शोध त्या काळी ताजा होता. मधुमेहात साखर आणि पिष्टमय अन्न आवरते घेतात, तर तोच नियम स्थूलतेला का लावू नये, असा विचार हार्वेने केला. रोग्याच्या बहिरेपणाचे मूळही त्याला चरबीतच दिसले.

पथ्य असे होते: पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा वर्ज्य. सकाळी ४-५ औंस मांस किंवा मासळी, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा आणि औंसभर कोरडा टोस्ट. दुपारी दोनला ५-६ औंस मासळी किंवा मांस, बटाट्याखेरीज कोणतीही भाजी आणि उत्तम क्लॅरेट, शेरी किंवा मदिरा वाइनचे दोनतीन पेले. सायंकाळी थोडी फळे, एकदोन रस्क आणि चहा. रात्री नऊला पुन्हा ३-४ औंस मांस किंवा मासळी, क्लॅरेटचा एखाददुसरा पेला. झोपताना गरज वाटल्यास बिनसाखरेची जिन, व्हिस्की किंवा ब्रँडी!

१२ सप्टेंबर १८६३ रोजी त्याचे वजन १५६ पौंड भरले. वर्षभरात ४६ पौंड उतरले, कंबर १२ इंचांहून अधिक कमी झाली, जिना सरळ उतरता येऊ लागला आणि श्रवणही सुधारले. मे १८६३ मध्येच त्याने हा अनुभव ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’ या नावाने पुस्तिकारूपात छापला होता. सप्टेंबरपर्यंतचे आकडे अर्थातच नंतरच्या आवृत्तीतले. पहिल्या दोन आवृत्त्या त्याने फुकट वाटल्या. पुढे विक्री झाली, तिचा नफा धर्मादाय संस्थांना दिला. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण दिसत नाही.

आता ‘दडपले’ या शब्दाकडे. ही पुस्तिका हजारोंनी खपली. जर्मनीत तिच्यावरून एक उपचारपद्धतीच रूढ झाली. इंग्रजीत ‘बँटिंग’ हा शब्द वजन उतरवण्याच्या पथ्यासाठी वापरला जाऊ लागला, आणि स्वीडिश भाषेत आजही त्या अर्थाचे क्रियापद ‘बांता’ असे आहे. वैद्यकीय वर्तुळांतून टीका झाली, ‘ब्लॅकवुड्स’ मासिकाने १८६४ मध्ये खिल्ली उडवली, हे खरेच; पण ज्या विचाराची देशोदेशी चर्चा झाली आणि ज्याचा शब्द दोन भाषांनी उचलला, तो दडपला गेला असे कोणत्या अर्थाने म्हणायचे? तो नवाही नव्हता. जॉन रोलो याने १७९७ मध्ये मधुमेह्यांसाठी मांसप्रधान आहार सांगितला होता, आणि ब्रिया-सावारँ याने १८२५ च्या आपल्या ग्रंथात स्थूल माणसांना पिठूळ अन्न टाळण्याचा सल्ला दिला होता. बँटिंगचे वेगळेपण असे की येथे रोगी स्वतः बोलत होता. वैद्याने मागाहून, १८७२ मध्ये, या विषयावर आपले पुस्तक काढले.

रोग्याने स्वतः बोलावे यात मोठी ताकद असते. महाराष्ट्राला हे सांगायला नको: डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोचवलेली दोन जेवणांची पद्धत पसरली, तीही बव्हंशी ‘मला गुण आला’ अशा अनुभवकथनांतून. परंतु अनुभवकथन आणि सिद्धता यांत अंतर आहे. बँटिंगने एकाच वेळी पाव, साखर, दूध, लोणी आणि बिअर सोडली, जेवणाच्या वेळा बांधून घेतल्या आणि खाणे औंसांत मोजले. यांपैकी कशाने वजन उतरले, हे एका माणसाच्या एका वर्षावरून ठरत नाही. ‘कर्बोदके की कॅलरी’ हा आजचा वाद त्याच्या पत्राला विचारणे म्हणजे तर निव्वळ कालविपर्यास होय; अन्नातील कॅलरींची पद्धतशीर मोजणी अमेरिकेत ॲटवॉटरने केली ती १८९० च्या दशकात.

पत्रात आणखी एक गोष्ट नाही, आणि खरे तर तीच अधिक महत्त्वाची. या ताटाला पैसे किती पडत, हे बँटिंग सांगत नाही. त्याला आणि त्याच्या वर्तुळाला ते सांगण्याची गरज वाटली नसावी. दिवसाला १२ ते १५ औंस मांस-मासळी, म्हणजे ३४० ते ४२५ ग्रॅम, आणि वाइनचे किमान तीनचार पेले. हे पथ्य ‘साधे’ होते ते नियम थोडे होते म्हणून. खर्चाने ते साधे मुळीच नव्हते.

त्याच वेळी उत्तरेकडे लँकेशायरच्या गिरण्या बंद पडत होत्या. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस येईनासा झाला होता. (याच टंचाईने मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांवर पैशाचा पाऊस पडला आणि १८६५ मध्ये तो बुडबुडा फुटला.) बेकार झालेल्या गिरणी कामगारांना उपासमारीचे रोग होऊ नयेत यासाठी किमान किती अन्न लागते, याचा हिशेब सरकारसाठी डॉ. एडवर्ड स्मिथ मांडत होते. त्यांचा आकडा प्रौढ व्यक्तीमागे आठवड्याला सरासरी २८,६०० ग्रेन कार्बन आणि १,३३० ग्रेन नायट्रोजन असा आला. मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये वापरलेले आकडे हेच. १८६३ च्या पाहणीत स्मिथ यांना शेतमजुरांच्या घरांत मुख्य अन्न आढळले ते पाव. मांस मिळालेच तर बहुधा कमावत्या पुरुषाच्या वाट्याला जाई.

एकाच देशात, एकाच वर्षी, एक वैद्य रोग्याला पाव सोडायला सांगत होता आणि दुसरा वैद्य पावावर माणूस कितपत तगेल ते मोजत होता. दोघांच्या मागे एकोणिसाव्या शतकाचे तेच नवे रसायनशास्त्र होते. आहाराच्या इतिहासावर लिहिताना पहिल्याचे नाव वारंवार घेतले जाते. दुसऱ्याचा अहवाल अर्थशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोडून दिला जातो. ही वाटणी चुकीची आहे. बँटिंगच्या बरे होण्याने त्याचे पथ्य सर्वांसाठी खुले होत नव्हते, आणि ‘लोकांनी ऐकले नाही’ असे आज म्हणताना हे ‘लोक’ कोण, हा प्रश्न सुटून जातो. त्या इंग्लंडमधील बहुसंख्य कुटुंबांना पाव सोडणे म्हणजे जेवण सोडणे होते.

बँटिंग १८७८ मध्ये, ८१ व्या वर्षी वारला. त्याचे नाव अलीकडे दक्षिण आफ्रिकेत पुन्हा गाजले. टिम नोक्स आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या पुस्तकानंतर तिथे कमी कर्बोदकांच्या, भरपूर स्निग्धांशाच्या आहाराला ‘बँटिंग’ म्हणतात. त्या ताटात लोणी आणि साय आवर्जून असते. मूळ पत्रातल्या वर्ज्य पदार्थांत मात्र लोणी आणि दूध दोन्ही आहेत.