पैशाआधी शब्द



पुण्याहून पाषाणमार्गे खिंड ओलांडली की मुळशी तालुक्यातील सूस हे गाव लागते. शहर जवळ आले तसा येथील जमिनीला भाव आला. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि 2021 साली गाव पुणे महानगरपालिकेत गेले. जमीन विकून ज्यांच्या हाती एकदम मोठी रक्कम आली, त्यांपैकी एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. त्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी.

एके दिवशी दोघे एक छापील फॉर्म घेऊन आले. "सर, तीन वर्षांत पैसे दुप्पट होणार म्हणतात. सही करू का?" मुलगा उर्दू उत्तम वाचतो, पण हा कागद मराठीत होता. मुदत, रक्कम, नफा, वारस हे शब्द त्याला घरचेच वाटले. 'परतावा', 'तारण', 'लाभांश' येथे मात्र तो अडला. मग आम्ही तिघांनी मिळून 'हमी' हा शब्द शोधला. तोंडी तो दहा वेळा उच्चारला गेला होता, कागदावर एकदाही नव्हता!

माझे स्पष्ट मत आहे की, पैसा येण्याआधी पैशाचे शब्द यायला हवेत. त्यांतही दोन शब्दांतला फरक आधी समजून घ्या : ठेव आणि भाग.

बँकेत मुदत ठेव ठेवता, तेव्हा तुम्ही बँकेला पैसे उसने देता. बँक ठरलेले व्याज देते. तिला नफा कितीही झाला तरी तुमचे व्याज वाढत नाही. बँक बुडाली तर मुद्दल व व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंतच्या रकमेला विम्याचे संरक्षण आहे. (काही घरांत व्याज घेत नाहीत. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण ते मोजतात कसे, हे त्यांनाही यायला हवे.)

भाग, म्हणजेच शेअर, घेतला की तुम्ही धंद्याचे हिस्सेदार होता. नफ्यातून वाटला जाणारा वाटा म्हणजे लाभांश. तोटा झाला तर तोही तुमचाच. येथे हमी नसते.

याचे उत्तम उदाहरण पुण्याच्याच दुसऱ्या टोकाला, हडपसरजवळ मगरपट्ट्यात आहे. तेथे सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपली 400 एकरांहून अधिक जमीन एकत्र केली. ती बिल्डरला विकून मोकळे होण्याऐवजी त्यांनी स्वतःच कंपनी काढली. ज्याची जेवढी जमीन, त्या प्रमाणात त्याला कंपनीचे भाग. तेथे नवे नगर वसले आणि शेतकरी त्याचे मालक राहिले. घरे विकली गेली नसती तर त्यांचे नुकसान झाले असते, हेही खरे. पण जमीन एकदा विकली की पुढे तिचा भाव वाढो, विकणाऱ्याला त्यातले काहीच मिळत नाही. सूससारख्या गावांत असा विचार अधिक व्हायला हवा होता, असे मला वाटते.

आता त्या 'दुप्पट'चा हिशेब करू. शेकडा 6 दराने चक्रवाढ व्याज मिळाले तर रक्कम दुप्पट व्हायला सुमारे 12 वर्षे लागतात. तीच 3 वर्षांत करायची तर दरवर्षी शेकडा 26 मिळायला हवेत. वहीत करून पाहा. एवढा परतावा देईन म्हणणाऱ्याला दोन प्रश्न विचारा : पैसे कोणत्या धंद्यात घालणार, आणि सेबीकडे नोंदणी आहे का? सेबी ही शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था. तिला 1992 साली कायद्याने अधिकार मिळाले.

आमच्या त्या गृहस्थांनी हेच दोन प्रश्न विचारले. फॉर्म देणारा 'उद्या सांगतो' म्हणून गेला, तो परत आलाच नाही. फॉर्म माझ्याकडेच राहिला आहे. नववीच्या वर्गात मी तो मराठीच्या तासाला वाचायला देतो.