लहान पुली आणि मोठी अपेक्षा

सुपरचार्जर लाविलेल्या मोटारीची पुली बदलली असतां तिचें सामर्थ्य खरोखर वाढतें काय? हा प्रश्न निघाला कीं आमचे विद्यार्थी एकमुखानें 'होय' म्हणतात, आणि पालक 'हीं सारीं पैसे उधळण्याचीं थेरें' म्हणून विषय संपवितात. आमच्या मतें दोन्ही उत्तरें घाईचीं आहेत.

मोटारीकडे वळण्यापूर्वीं पिठाच्या गिरणींत जाऊं. लोहाऱ्यास यवतमाळची औद्योगिक वसाहत आहे. पट्ट्यावर चालणारें यंत्र न पाहिलेला मुलगा येथें विरळाच. गिरणीची विजेची मोटार मिनिटास १४४० फेरे घेते, तिची पुली ५ इंचांची व जात्याची १२ इंचांची आहे असें धरूं. मग जातें मिनिटास ६०० फेरे घेईल. जात्याची पुली १० इंचांची केली कीं तेच फेरे ७२० होतात. गिरणीवाला खूष होतो. पण विजेची मोटार होती तेवढ्याच अश्वशक्तीची राहिली आहे. जादा पीठ दळावयाचें तर जादा वीज लागणार, पीठ अधिक तापून येणार, आणि मोटारीवर आधींच पूर्ण भार असेल तर एखाद्या दिवशीं ती जळणार. पुलीनें शक्ति निर्माण केली नाहीं. तिनें जोर देऊन वेग घेतला, एवढेंच.

सुपरचार्जरची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे, आणि येथें मुलांची बाजू बळकट होते. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच शक्तीनें फिरणारा भाता. (लोहारा नांवाच्या गांवीं भाता समजावून सांगावयास नको!) अमेरिकेंतील रूट्स बंधूंनीं १८६० सालीं ज्या पंख्याचें पेटंट घेतलें, तो मोटारीसाठीं नव्हताच, मोटारी तेव्हां होत्या कोठें? पुढें १९२१ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मर्सिडीज कंपनीनें असे भाते लाविलेल्या गाड्या मांडल्या. तत्त्व सोपें आहे. एक भार पेट्रोल नीट जळण्यास सुमारें १४.७ भार हवा लागते. इंजिनांत हवा अधिक कोंबली, तर पेट्रोलही अधिक जाळतां येतें, आणि शक्ति वाढते.

आतां हिशेब पाहा. क्रँकशाफ्टची पुली ६ इंचांची व सुपरचार्जरची ३ इंचांची असेल, तर इंजिनाच्या ६००० फेऱ्यांस सुपरचार्जर १२००० फेरे घेईल. लहान पुली २.७ इंचांची बसविली कीं ते फेरे १३३३३ होतात, म्हणजे सुमारें ११ टक्के वाढ. गिरणींतल्याप्रमाणें येथें केवळ वेग वाढत नाहीं; इंजिनाचें अन्नच वाढतें. म्हणून शक्ति वाढते, हें आम्ही मान्य करितों.

परंतु ११ टक्के फेरे म्हणजे ११ टक्के शक्ति नव्हे. भाता फिरविण्याचा खर्च इंजिनाच्याच खिशांतून जातो, व वेगाबरोबर तो वाढतो. दाबलेली हवा तापते; सायकलच्या पंपाचें टोंक हातास लागलें म्हणजे हें कळतें. तापलेली हवा पसरते, म्हणून लाभाचा कांहीं अंश तेथेंच जातो. शिवाय पेट्रोल अवेळीं पेटून ठोके बसूं लागतात आणि पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाते. लहान पुलीवर पट्ट्यास धरावयास जागा थोडी, म्हणून तो घसरतो. सुपरचार्जरच्या फेऱ्यांस निर्मात्यानें घातलेली मर्यादाही आहेच. तेव्हां हवा थंड करणारा इंटरकूलर पुरेसा आहे काय, इंजेक्टर जादा पेट्रोल देऊं शकतात काय, ठिणगीची वेळ पुन्हां कोण ठरविणार, हे प्रश्न पुलीच्या किंमतीआधीं विचारावयास हवेत. मुलगा पुलीसाठीं पैसे मागूं लागला, तर पालकांनीं रागावण्याऐवजीं त्याला हा सारा हिशेब कागदावर मांडावयास सांगावा. तो मांडूं शकला, तर तो ऐकण्याजोगा आहे.

एक गफलत येथेंच दूर केलेली बरी. आपल्याकडील पुष्कळ नव्या गाड्यांत टर्बो असतो. तो धुराच्या झोतानें फिरतो. त्याला पट्टा नाहीं आणि पुलीही नाहीं. अशा गाडीसाठीं 'सुपरचार्जरची पुली' घेऊन येणारा मुलगा दुकानदारास फार आवडेल!

क्रँकशाफ्टची मूळ पुली काढून हलकी बसविण्याचाही एक प्रकार आहे, व त्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. पुष्कळ इंजिनांत त्या पुलीमध्यें रबराचें कडें असतें; क्रँकशाफ्टास बसणारे पिळाचे हेलकावे तें शोषून घेतें. तें निरुपयोगी ओझें समजून काढणारा मनुष्य, पुढेंमागें क्रँकशाफ्ट तुटण्याची तजवीज स्वहस्तें करून ठेवितो.

शेवटीं आपल्या हवेचा विचार. यवतमाळकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. त्याच दाबाखालीं ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षां सुमारें ९ टक्के विरळ असते. म्हणजे पुलीनें मिळविलेल्यापैकीं बरेंचसें ऊनच परत घेतें, आणि ठोक्यांचें भय वाढतें तें निराळेंच. जानेवारीच्या पहाटे झोकांत धांवलेली गाडी पाहून कोणीं हुरळून जाऊं नये. चाचणी घ्यावयाची ती मे महिन्यांत, भर दुपारीं, चढावर घ्यावी.